तिसऱ्या मजल्यावरचे तीन पाटील

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: आडनाव एक म्हणजे कूळ एक आणि भाषाही एक. आडनावं हजारो वर्षांची आहेत, जगात सगळीकडे हेच. बोलीला ना व्याकरण ना लिपी. ती बिघडलेली भाषा, मुलांच्या तोंडी बसू देऊ नका. आणि शेवटी, 'खरे पाटील असाल तर पुढे पाठवा.'

मी पाटील नाही, म्हणून पुढे न पाठवता उत्तरच देतो.

पहिलं, कूळ. पाटील हे मुळात पद. जुन्या कोरीव लेखांत 'पट्टकील' येतो, तोच हा. गावाचा सारा गोळा करणारा, तंटे मिटवणारा तो पाटील, मग त्याची जात कुठलीही असो. ज्या गावात जो समाज जोरात, त्यातला. म्हणून आगऱ्यांत पाटील आहेत, मराठ्यांत आहेत, लेवा आहेत, लिंगायत आहेत. देशमुख, कुलकर्णी, नाईक यांचंही तेच. वसंतराव नाईक बंजारा, आणि बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची. गोव्यातल्या नाईकाच्या घरी कोकणी. यांचं एक कूळ कुठून काढणार?

भाषेसाठी तर आमचा तिसरा मजला पुरे. तिथे तीन दारांवर 'पाटील'. एक इथल्याच गावातले आगरी, ज्यांच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोत गेल्या. दुसरे अमळनेरचे, घरात अहिराणी. तिसरे गोकाककडचे, घरात कन्नड. कुरिअरवाला पोरगा तिथे नेहमी दोन दारं चुकीची वाजवतो.

परवा जिन्यात चेंडू घरंगळत आगरी आजींच्या पायाशी आला. मागून अमळनेरकरांचा नातू धावत आला, "हाऊ मना चेंडू शे!" अहिराणीत 'मना' म्हणजे माझा. आगरीत 'मना' म्हणजे मला. आजींना वाटलं पोर मागतंय, म्हणाल्या, "तुना पायजे? घे." आगरी 'तुना' म्हणजे तुला, पोराला ऐकू आलं 'तुझा'. दोघांनीही एकमेकांचं चुकीचं ऐकलं आणि चेंडू मात्र बरोबर घरी गेला. गोकाककरांची नात असती तर म्हणाली असती, "इदु नन्न चेंडु." तिथे 'चेंडु' तेवढा कळला असता.

आता व्याकरण. याचा मला खरा राग येतो, कारण हे बोलणाऱ्याने आगरी कधी कान देऊन ऐकलेली नसते. गाडीची 'गारी' होते, घोड्याचा 'घोरा', म्हणून हसतात. पण मग डोळ्याचा 'रोला' का होत नाही? 'डोला'च होतो. शब्दाच्या सुरुवातीचा ड जागचा हलत नाही, दोन स्वरांमध्ये सापडला की र होतो. आणि ळ चा ल, ण चा न. आजींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, तरी चुकत नाहीत. ज्याला नियम आहे त्याला बिघाड म्हणत नाहीत.

लिपीचं एका ओळीत आटपतं. विसाव्या शतकापर्यंत आपली दफ्तरं मोडी लिपीत होती, तेव्हा मराठी काय दुसरी भाषा होती? कोकणी देवनागरीत, रोमी म्हणजे रोमन लिपीत, कन्नडमध्ये लिहिली जाते आणि १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आहे. इंग्रजीला तरी स्वतःची लिपी कुठे आहे?

राहिलं जग. तुर्कस्तानात आडनाव सक्तीचं झालं ते १९३४ च्या कायद्याने. 'अतातुर्क' हे आडनावही त्याच वर्षीचं. जपानमध्ये १८७५ ची सक्ती. कोरियात पाचातला एक माणूस किम, पण ते एक कूळ नव्हे: गिमहेचे किम वेगळे, ग्योंगजूचे वेगळे. जॅकी चॅनचं 'चॅन' हा हाँगकाँगकडच्या कँटनीज बोलीतला उच्चार. तेच अक्षर बीजिंगमध्ये 'चेन' वाचतात, होक्कियन ही दक्षिणेकडची बोली बोलणारे 'तान' म्हणतात. हे तिघे आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांना कळणार नाही, तरी सरकारदरबारी सगळं 'चिनी'. उलट स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणसं बऱ्यापैकी समजून घेतात, पण देश दोन म्हणून भाषा दोन.

एवढं सगळं ग्रुपवर टाकण्याआधी म्हटलं, मेसेज आधी कुणी आणला ते बघावं. वर सरकवत गेलो तर गोकाकचे पाटील. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले, विचारलं. म्हणाले, "अहो, मराठी मला बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. वर 'पाटील' दिसलं, पाठवून दिलं."