‘इतर’ नावाचा रकाना

चक्रीवादळानंतर गोळा झालेले नुकसानीचे तक्ते तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्या तक्त्यांच्या उजव्या टोकाला असलेला ‘इतर’ हा रकाना दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घर, गोठा, होडी, जाळी, गुरे, उभे पीक यांना स्वतंत्र रकाने असतात. मात्र जिच्यावर घर चालत होते ती शिलाई मशीन, विहिरीत शिरलेले खारे पाणी, भिजून लगदा झालेली मुलांची प्रमाणपत्रे आणि भाड्याची खोली कोसळल्यामुळे रस्त्यावर आलेले, पण घरमालक नसल्यामुळे कोणत्याच यादीत न बसणारे कुटुंब, ही सगळी ‘इतर’मध्ये कोंबली जातात, आणि अहवाल आटोपशीर करायची वेळ आली की कात्री प्रथम चालते ती याच रकान्यावर.

दोष पद्धतीचा आहे असे कोणी म्हणू नये. संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका व कॅरिबियनसाठीच्या आर्थिक आयोगाने 1970च्या दशकातच या मोजणीची नीट घडी बसवली होती, आणि 2008 साली युरोपीय संघ, जागतिक बँक व संयुक्त राष्ट्रे यांनी आपत्तीनंतरच्या गरजांचे मूल्यमापन एकत्र करण्याचे जाहीरपणे मान्य केले. त्या पद्धतीत तीन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत: जे मोडले ते नुकसान, मोडल्यामुळे पुढे जे उत्पन्न बुडते आणि जो जादा खर्च येतो तो तोटा, आणि पुन्हा उभे राहण्यासाठी जे लागते ती गरज. हा फरक शाळकरी मुलालाही समजेल. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ फायलींमध्ये नुकसानीचा आकडा उचलून, त्याला कसल्याशा गुणकाने गुणून, वर ‘अधिक भक्कम पुनर्बांधणी’ म्हणून थोडी टक्केवारी चढवून, त्यालाच गरज असे नाव दिलेले असते. पत्रकार परिषद ठरलेली असते, तिच्या आधी आकडा हवा असतो, आणि तो आकडा प्रत्यक्ष जागेवर न जाता सूत्राच्या एका ओळीत मिळतो.

आकडा जितका भयंकर, तितका तो सर्वांना प्रिय. 18 सप्टेंबर 2017 रोजी मारिया वादळाने डॉमिनिका या छोट्या बेटाची धूळधाण केली, तेव्हा नुकसान 93 कोटी 10 लाख डॉलर आणि तोटा 38 कोटी 20 लाख डॉलर धरण्यात आला, आणि दोन्ही मिळून ही रक्कम देशाच्या 2016च्या सकल उत्पादनाच्या 226 टक्के भरली. ही टक्केवारी मी इतक्या सादरीकरणांत पाहिली आहे की ती आता मला पाठ आहे. ती धक्का देते हे खरे, पण आधी छपरे घालायची की रस्ते मोकळे करायचे, हे तिच्यावरून कोणालाही सांगता येणार नाही.

याच हिशेबाचा दुसरा अन्याय मला अधिक बोचतो. मालमत्ता जितकी महाग तितके नुकसान मोठे, म्हणून एका बंगल्याची पडलेली कुंपणभिंत पैशांत दहा झोपड्यांना भारी ठरते. ज्याच्याकडे काही नव्हते त्याचे काही गेलेच नाही, असे हे गणित निर्विकारपणे सांगते, आणि नुकसानीलाच गुणून गरज काढायची म्हटल्यावर त्याची गरजही शून्याच्या आसपास येते.

नारळाचे उदाहरण घ्या. 8 नोव्हेंबर 2013 रोजी हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये सुमारे 3 कोटी 30 लाख नारळाची झाडे आडवी केली किंवा निकामी केली. तक्त्यात झाड एकदा नोंदले, दर लावला, की विषय मिटतो. पण नव्याने लावलेला उंच जातीचा माड फळाला यायला सहा ते आठ वर्षे घेतो, आणि तोवर त्या कुटुंबाने काय खायचे याचे उत्तर झाडाच्या किमतीत सापडत नाही. शिवाय आडवी पडलेली खोडे वेळेत कापून हलवली नाहीत तर कुजणाऱ्या खोडांत गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि तो वाचलेल्या माडांनाही लागतो. म्हणजे तेथे पहिली गरज यांत्रिक करवतींची आणि त्या चालवणाऱ्या माणसांची असते, दुसरी माडांच्या मोकळ्या जागेत लवकर हाती येणाऱ्या पिकाच्या बियाण्याची, आणि रोपांचा क्रमांक त्यानंतर लागतो. हे शहाणपण कोणत्याही गुणकातून निघत नाही. बागायतदाराशेजारी बसून तासभर ऐकावे लागते, आणि तो तास कोणाच्याही वेळापत्रकात नसतो.

त्याऐवजी वेळापत्रकात असतात ती पथके. आज एक येते, परवा दुसरे, पुढच्या आठवड्यात तिसरे. प्रत्येकाचा अर्ज निराळा, प्रत्येकाला तेच नाव, तीच माणसे, तेच छायाचित्र नव्याने हवे, कारण आधीच्या पथकाची माहिती वापरणे म्हणजे जणू उष्टे खाणे. माझा खरा संताप यापुढच्या गोष्टीवर आहे. पाहणी होईपर्यंत पडझड जशीच्या तशी दिसली पाहिजे, नाहीतर नाव कटेल, या भीतीने लोक मोडक्या छपरावर ताडपत्रीसुद्धा ओढत नाहीत आणि पुढच्या पावसात उरलेसुरले धान्यही भिजू देतात. ते धान्य कोणत्या रकान्यात लिहायचे, हे मी वरिष्ठांना लेखी विचारले होते. उत्तर आले, ‘इतर’.

आणि वादळे काही मोजणी संपण्याची वाट पाहत नाहीत. मोझांबिकमध्ये 2019च्या मार्चच्या मध्यात इडाई आले आणि 25 एप्रिलला, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांत, उत्तरेकडे केनेथ येऊन धडकले. दोन्ही मिळून पुनर्उभारणीची गरज सुमारे 320 कोटी डॉलर काढण्यात आली. बैरा येथील परिषदेत देणगीदारांनी आश्वासने दिली ती सुमारे 120 कोटींची. मागितलेल्यापैकी निम्मेही मिळणार नाही हे समोर असताना कशाला आधी हात घालायचा याचा क्रम लावून देणे हेच तर मूल्यमापनाचे काम, आणि आम्ही मात्र बेरजेच्या दशांशावर वाद घालत बसतो.

मेलेल्यांच्या बाबतीतही हीच नजर. पोर्तो रिकोत मारियाचे अधिकृत बळी जवळजवळ वर्षभर 64 होते; वीज आणि उपचार यांच्याअभावी नंतर गेलेल्यांचा अंदाज धरला तेव्हा, ऑगस्ट 2018मध्ये, तो आकडा 2975 झाला. तोवर ती माणसेही कुठल्यातरी ‘इतर’मध्येच पडून होती, दुसरे काय!

गेल्या आठवड्यात मला तोंडी सांगण्यात आले की, ‘इतर’मधील नोंदींना दर नसल्यामुळे एकूण बेरीज जुळत नाही, तेव्हा तो रकाना काढून फाइल पुढे पाठवावी. मी रकाना ठेवला आणि त्यातील प्रत्येक नोंद शब्दांत लिहून फाइल पाठवली. ती आज परत आली आहे. शेरा एवढाच, ‘तपशील अनावश्यक’.