कॅम्पिंगवाल्या नानांचं नेट

पवना धरणाच्या कडेने फिरलात तर दर दुसऱ्या गेटवर सारखाच बोर्ड दिसेल. टेंट, बार्बेक्यू, लाईव्ह म्युझिक, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरात 'फ्री हायस्पीड वायफाय'. त्यातल्या एका बोर्डाखालचं वायफाय माझं आहे. फ्री मी देत नाही आणि हायस्पीड तर मी कधी बोललोच नव्हतो, ते मालकाने आणि पेंटरने मिळून ठरवलं.

मी मावळात नेटचा धंदा करतो. मोठ्या कंपनीकडून लाईन घ्यायची, गावोगाव फायबर ओढायची, पोलवर चढायचं, कुणाच्या बॉक्सवर लाल लाईट लागली की गाडीला किक मारायची. आठ वर्षं झाली. घरं आहेत, दुकानं आहेत, एक पतसंस्था आहे, पण या सगळ्यांनी मिळून दिला नसेल एवढा ताप एका कॅम्पवाल्याने दिलाय. नाव घेत नाही, नाना म्हणू. माणूस वाईट नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये पुतण्या हजर होईल.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा नाना म्हणाले, "घरोघरी देतोस ना सातशेवाला, तोच टाक. सोमवार ते गुरुवार इथं कुत्रं पण नसतं." आणि मी टाकला. चूक माझी. शनिवारी किती माणूस असतं हे विचारायला पाहिजे होतं. चाळीस टेंट, म्हणजे दीडशेच्या आसपास पब्लिक, म्हणजे तेवढेच मोबाईल, आणि वर शंभर एमबीपीएसची घरगुती लाईन. एक चांगल्या क्वालिटीचा व्हिडिओ साधारण पाच एमबीपीएस खातो, वीस जणांनी मॅच लावली की लाईन तिथंच संपली, उरलेले नानांना शिव्या घालणार आणि नाना मला. त्यात राऊटर असा की चार माणसांच्या घरासाठी बनवलेला, त्याला जत्रा सांभाळायला लावलेली.

मग एक भानगड अशी झाली की शुक्रवारी नेट चालायचं आणि शनिवारी संध्याकाळी नवीन येणाऱ्या लोकांना वायफाय लागायचंच नाही. सिग्नल फुल, पासवर्ड बरोबर, तरी लागत नाही. नानांचं म्हणणं, "तू शनिवारी मागून बंद करतोस, जास्त पैसे काढायला." दोन शनिवार मी बायकोच्या शिव्या खाऊन तिथं जाऊन बसलो तेव्हा कळलं. राऊटर प्रत्येक मोबाईलला एक नंबर देतो आणि त्याच्याकडे असे अडीचशेच नंबर, एकदा दिला की चोवीस तास तो त्या मोबाईलच्या नावावर, मग तो माणूस घरी पोचून झोपला तरी. शुक्रवारचे शंभर आणि शनिवारचे दीडशे, झाले नंबर संपले. ती चोवीस तासांची मुदत दोन तासांवर आणली आणि प्रश्न मिटला. नानांना सांगितलं तर म्हणे, "म्हणजे बटण तुझ्याकडेच होतं की." आता यावर काय बोलणार!

पण खरा खेळ पाण्याचा. नानांचा कॅम्प धरणाच्या पलीकडच्या अंगाला, माझी फायबर अलीकडच्या गावात संपते. रस्त्याने पोल टाकत जायचं तर मोठा वळसा, परवडत नाही. म्हणून गावाच्या टेकडीवर एक डिश आणि नानांच्या शेडवर एक डिश, नेट वायरीऐवजी हवेतून एकीकडून दुसरीकडे, मधे दोन किलोमीटर पाणी. डिशा बोलतात पाच गिगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका पट्ट्यावर, २०१८ मध्ये सरकारने तो बराच मोकळा केला त्यामुळे लायसन लागत नाही, आणि लागत नाही म्हणूनच आता काठावर जिकडेतिकडे डिशा आहेत, त्या एकमेकींच्या अंगावर ओरडत असतात तो भाग वेगळा. उन्हाळ्यात लिंक मस्त चालली. ऑगस्टमध्ये धरण भरलं आणि सिग्नल वरखाली, वरखाली, सकाळी बरा तर दुपारी मेलेला. नाना म्हणाले पाऊस आहे म्हणून. सगळेच म्हणतात, पण एवढ्याशा अंतरावर पावसाने या बँडला फारसं काही होत नाही. होतं ते पाण्यावरून परत उडालेल्या सिग्नलने. एक सिग्नल सरळ येतो, दुसरा पाण्यावर आपटून येतो, दोघं जुळले तर ठीक, एकमेकांच्या विरोधात गेले तर खेळ खल्लास, आणि पाण्याची पातळी बदलली की सगळं गणित नव्याने. नाना माझ्याकडे असे बघत होते जसं मी धरणाला दोष देऊन पैसे उकळायला आलोय. "पाण्याचा आणि नेटचा काय संबंध रे?"

उपाय केला तो तर त्यांना वेडेपणाच वाटला. डिश उंच करायची सोडून मी ती खाली घेतली आणि मागे सरकवली, अशी की समोरच्या शेडच्या पत्र्याआड जवळचं पाणी झाकलं जाईल पण टेकडी दिसत राहील. लिंक सुधारली. नानांनी मात्र गावभर सांगितलं की याने आधी चुकीची लावली होती.

ओटीपीचा किस्सा तर ऐकाच. पब्लिकला वायफाय द्यायचं तर कोण वापरतंय याची नोंद पाहिजे. उद्या कुणी तिथं बसून फ्रॉड केला तर पोलीस कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याकडे येणार, आणि नानांनी तर पासवर्ड जेवणाच्या शेडमध्ये खडूने लिहून ठेवलेला. मी म्हटलं, मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल, मग नेट चालू, असं करू. नाना हसायलाच लागले. "अरे पोरा, इथं रेंज असती तर लोकांनी तुझं वायफाय मागितलं असतं का? ओटीपी येणार कुठून?" बरोबर होतं त्यांचं, शंभर टक्के बरोबर, मीच टेबलावर बसून विचार केला होता. शेवटी पाहुणा आला की नाना आधारची कॉपी घेऊन रजिस्टरला नोंद करतातच, तेव्हाच एक कूपन नंबर द्यायचा असं ठरलं. दोन आठवडे नीट चाललं. मग तिसऱ्या शनिवारी सगळ्या टेंटला एकच कूपन.

हेही मी सोडून दिलं असतं. पण दिवाळीनंतर लाईनवर लोड एवढा दिसायला लागला की मी गुपचूप जाऊन वायर धरून चालत गेलो. शेडच्या मागून, बांधावरून, बांबूच्या कुंपणातून थेट शेजारच्या कॅम्पवर. आणि तिथून पुढच्या. दोघांकडून महिन्याला दीड-दीड हजार नाना घेत होते, मला सातशे अधिक जीएसटी. मी तापलो, म्हटलं नाना, नेट असं दुसऱ्यांना वाटायला परवानगी लागते, करार लागतो. नाना शांतपणे चहा ओतत म्हणाले, "तू पण वरून घेऊन खाली वाटतोसच की." खोटं नव्हतं. माझ्याकडे कागद आहे आणि त्यांच्याकडे नाही एवढाच फरक, आणि तो कागद त्यांना का दिसत नसावा हेही मला कळतं. पवना धरण झालं १९७२ ला, त्यात यांच्या घरातली जमीन गेली, पाणी पिंपरी-चिंचवडला जातं, आणि धरणग्रस्तांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. उरलेल्या काठावर त्यांनी टेंट लावले. अशा माणसाला मी करार शिकवायला निघालो होतो.

तरीपण वायर कापली. समजून घेणं वेगळं आणि माझी लाईन फुकट वाटणं वेगळं.

जे कॅम्पवाले हे वाचत असतील त्यांना माझं मत सांगतो. टेंटमध्ये वायफाय देऊच नका. चांगलं वायफाय प्रत्येक टेंटपर्यंत न्यायचं तर जागोजागी पॉइंट, प्रत्येकाला वायर, त्याला इन्व्हर्टर, कारण रात्री बाराला तुम्ही जनरेटर बंद करता आणि मग नेट गेलं म्हणून मला फोन करता. त्यापेक्षा दोन लाईन घ्या. एक फक्त तुमच्या काउंटरला, बुकिंगच्या व्हॉट्सॲपला आणि यूपीआयला, तिला पाहुण्याचा हात लावू देऊ नका, कारण पाहुण्याचं रील अडकलं तर तो चिडेल पण पेमेंट अडकलं तर तुमचे पैसे जातील. दुसरी जेवणाच्या शेडमध्ये, प्रत्येकाला स्पीडची मर्यादा घालून. आणि बोर्डावर तेवढंच लिहा. आता बरेच जण सॅटेलाइटवरून नेट देणाऱ्या स्टारलिंकचं नाव घेत स्टारलिंक, स्टारलिंक करतात, नानाही करतात, २०२५ च्या जूनमध्ये त्या कंपनीला लायसन मिळालं तेव्हापासून मला दर महिन्याला ऐकवतात. घ्या ना. पण दीडशे मोबाईल तिथंही दीडशेच राहणार, आणि आकाशातला माणूस शनिवारी रात्री तुमच्या शेडवर चढायला येणार नाही.

नानांनी शेवटी दोन लाईन घेतल्या. बोर्डावरचं 'हायस्पीड' खोडलंय, 'फ्री' तसंच आहे. आता वाद पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या पैशांचा चाललाय, त्यांचं म्हणणं गिऱ्हाईक नव्हतं तर बिल कसलं, माझं म्हणणं वरच्या कंपनीला मला दर महिन्याला भरावंच लागतं. मी अर्ध्यावर आलोय, ते शून्यावर बसलेत. रविवारी जेवायला बोलावलंय, मटण आहे म्हणाले. जाणार आहे, नाहीतरी डिशचा क्लॅम्प ढिला झालाय तो आवळायचाच आहे.