‘नुसत्या चेकिंगचे’ २,२०० रुपये: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की ऑटोमॅटिक गाडी पाच दिवस अडकवून ठेवली, गिअरबॉक्स न खोलताच नुसत्या चेकिंगचे २,२०० रुपये लावले, तुमच्यासमोर ब्रेक दाबून रेस मारली आणि एवढं करून सकाळी पुढे जायला ‘डी’ टाकल्यावर गाडी अजून दोन सेकंद अडतेच.

आधी माझी चूक सांगतो. चेकिंगचे पैसे वेगळे लागतात हे गाडी ठेवून घेतानाच सांगायला हवं होतं. मधले दोन दिवस फोनही केला नाही. माफ करा. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मला बोलायचं आहे.

तुम्ही आलात तेव्हा तुमच्या हातात दुसऱ्या एका गॅरेजचं ७०,००० रुपयांचं कोटेशन होतं. ‘गिअरबॉक्स गेला, स्कॅनरवर बिघाडाचा कोड आलाय.’ कोड होता पी०७००. काका, हा कोड म्हणजे नुसता निरोप आहे: गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने काहीतरी नोंदवलंय, तिकडे जाऊन बघा. काय नोंदवलंय ते इंजिनापुरतंच वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरवर दिसत नाही. आम्ही स्कॅनरने थेट कंट्रोलरच वाचला तर पी०७५३ निघाला, म्हणजे एका शिफ्ट सोलेनॉइडच्या (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या) सर्किटमध्ये बिघाड. त्यातही सोलेनॉइड खराब, वायर तुटलेली की कंट्रोलरच गेलेला, हे कोड सांगत नाही. ते शोधावं लागतं, आणि शोधण्याचेच ते २,२०० रुपये.

पाच दिवस का लागले? तुमच्या गाडीला दोन दुखणी होती, एक थंडीतलं आणि एक तापल्यावरचं. सकाळचं दुखणं बघायला गाडी रात्रभर उभी हवी. तापल्यावरचं म्हणजे तुम्ही सांगितलंत ते, ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. तो प्रकार इथे इंदुरात राजवाड्याच्या गर्दीत चक्कर मारून होत नाही. दोनदा सिमरोलच्या पुढे घाटापर्यंत नेली. पहिल्या दिवशी पठ्ठी शहाण्यासारखी चालली, दुसऱ्या दिवशी अडकली. (गिअर असा अडकतो तेव्हा कंट्रोलर मुद्दाम गाडी एका गिअरवर धरतो, आतल्या क्लचप्लेटा जळू नयेत म्हणून. त्याला बॉक्स मेला म्हणत नाहीत.)

रेस मारली ती स्टॉल टेस्ट. ब्रेक घट्ट दाबून ‘डी’मध्ये पूर्ण रेस, पाच सेकंदांच्या आत सोडायची, मग न्यूट्रलला ठेवून ऑइल थंड होऊ द्यायचं. आतल्या प्लेटा घसरत असतील तर आरपीएम ठरलेल्या मर्यादेच्या वर पळतो. तुमच्या गाडीचा पळाला नाही. हे रोज करायचं काम नाही, घरी तर नकोच. पण ७०,००० खर्च करायचे की नाही हे ठरवायला पाच सेकंद मी नक्की देईन.

आणि हात लावला नाही म्हणता, तर ऑइलपॅन तुमच्या मुलासमोर उतरवला होता. ऑइल तपकिरी झालेलं आणि थोडं कमी, पण जळका वास नाही. चुंबकावर राखाडी चिखलासारखा बारीक थर होता, तो इतक्या वर्षांत बसायचाच. धातूचे कण किंवा प्लेटांचे तुकडे सापडले असते तर बॉक्स खोलायचं मीच सुचवलं असतं. वडिलांच्या काळात इथे अँबेसेडर आणि फियाट यायच्या, ते क्लच वासावरून ओळखायचे. ऑटोमॅटिकमध्येही नाक कामाला येतं, फक्त नाकावर बिल करता येत नाही.

शेवटी दोष सापडला तो बॅटरीच्या ट्रेखाली. हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, ब्रॅकेटला घासून एक वायर आतून तुटत आलेली. कंट्रोलरच्या कनेक्टरवर मीटर लावला तर १४ ओहम, हार्नेस हाताने हलवला की सर्किटच तुटायचं. शिवाय अर्थिंगच्या पट्टीवर हिरवा गंज, त्यामुळे सेल्फ मारताना व्होल्टेज पडत होतं. वायरिंगचे ७००, पट्टीचे ३००, ऑइल, फिल्टर आणि गॅस्केट मिळून ४,१५०. चेकिंग धरून ७,३५०. त्यानंतर घाट चढून आलात, गाडी अडकली नाही, हे रिव्ह्यूत आलं नाही.

आता सकाळचे दोन सेकंद. ते बिलावर लिहून दिलं होतं: ‘थंडीत डी उशिरा, पूर्ण जाणार नाही.’ आतले रबरी सील वयाने कडक होतात, थंड असताना दाब सांडतात, तापल्यावर बसतात. ऑइलची पातळी भरल्यावर चार सेकंदांचे दोन झाले. प्रेशर गेजवर दाब ठीक आहे, म्हणून आज बॉक्स खोलू नका असं माझं मत आहे. उद्या गरम गाडीतही उशीर व्हायला लागला, किंवा रेस वाढूनही गाडी पुढे सरकेना, तर मात्र चालवू नका, उचलून आणा. मशीनने फ्लश मारून, म्हणजे सगळं जुनं ऑइल एकदम बाहेर ढकलून द्या असं तुम्ही म्हणालात, त्याला मी नाही म्हटलं. ज्या जुन्या बॉक्सचा इतिहास माहीत नाही त्याला मी फ्लश मारत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पॅनमधून काढून तेवढंच ऑइल भरू.

शनिवारी संध्याकाळी गाडी सोडून जा, रविवारी सकाळी थंड असताना तुमच्यासमोरच चालू करतो. त्याचे पैसे घेणार नाही. कापलेल्या वायरचा तुकडा तुम्ही ‘कचरा काय करू’ म्हणून ठेवून गेला होता, तो गल्ल्याखालच्या खणात आहे, तेव्हा बघून घ्या.