बार्नॅकल खरवडू नका, प्लीज

समुद्री कासवांवरचा तुमचा लेख चांगलाय पण "बार्नॅकल कासवाचं रक्त शोषतात, दिसले की सुरीने काढून कासव समुद्रात सोडा" हे वाक्य कृपया काढा, कारण लोक हे वाचून खरंच तसं करतात. बार्नॅकल हा कोळंबी-खेकड्याच्या कुळातला जीव, एकदा डोक्याच्या बाजूने चिकटला की पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातलं प्लवक (तरंगणारे बारीक जीव) गाळून खातो, रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. धडधाकट कासवाच्या पाठीवरही थोडे असतातच. काही जाती कातडीत रुततात हे खरंय, पण म्हणून सुरी घ्यायची? पाठ, पोट, मान सगळीकडे थर चढलेला दिसला तर समजायचं की कासव आधीच आजारी किंवा जखमी आहे, नीट पोहू शकत नाही म्हणून बार्नॅकल इतके वाढलेत.

आमच्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जाळ्यात अडकून आलेल्या एका ऑलिव्ह रिडली जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरचे बार्नॅकल दोघं कोयत्याच्या टोकाने उचकटत होते, बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण प्रत्येक पांढऱ्या चकतीसोबत कवचाचा पापुद्रा निघत होता आणि खालून रक्त येत होतं. कासवाच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला जाळ्याचा दोरा हाडापर्यंत रुतलेला, तिकडे कोणाचं लक्षच नाही! असं कासव लगेच पाण्यात ढकलू नका, सावलीत ठेवा, ओलं फडकं घाला (नाक-तोंड मोकळं ठेवून) आणि वनविभागाला किंवा गावातल्या कासवमित्राला (कासवं वाचवणाऱ्या स्वयंसेवकाला) फोन करा. उपचार केंद्रात गोड्या पाण्यात ठेवलं की बार्नॅकल मरतात आणि मग अलगद सुटतात.