‘लिटल विमेन’ घेताना आधी आवृत्ती तपासा

‘लिटल विमेन’ या कादंबरीवरचा लेख आवडला, पण ती कोणत्या आवृत्तीतून वाचावी हे त्यात यायला हवं होतं.

लुइसा मे अल्कॉटने मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींची ही कादंबरी दोन भागांत लिहिली. पहिला भाग १८६८ला आला, दुसरा १८६९ला. १८८०च्या आवृत्तीत भाषेवर बराच हात फिरवला गेला आणि मुलींच्या तोंडची रांगडी बोली सौम्य झाली. आज बाजारात दोन्ही पाठ मिळतात. ओळखायचे कसे? तिसरं प्रकरण उघडा. पार्टीत ज्यो शेजारच्या लॉरीला न्याहाळते, बहिणींना त्याचं वर्णन सांगता यावं म्हणून. मूळ पाठात त्याचं नाक लांब आहे आणि उंची साधारण ज्योइतकीच. सुधारित पाठात नाक देखणं होतं आणि तो ज्योपेक्षा उंच होतो. आईचंही तेच: पहिल्या प्रकरणातली स्थूल मार्मी नंतर उंच झाली. माझं मत स्पष्ट आहे, मूळ पाठच घ्या. त्यातली माणसं खरी वाटतात.

प्रकरणंही मोजून घ्या. दोन्ही भाग मिळून ४७ हवीत. २३ असतील तर हातात फक्त पहिला भाग आहे. तो मेगचं लग्न ठरतं तिथे थांबतो, बेथ तापातून वाचलेली असते. ब्रिटनमध्ये दुसरा भाग ‘गुड वाइव्ज’ म्हणून वेगळा निघत असे, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत तर काय गाळलंय ते कळतही नाही.

आणि ज्योचं लग्न लॉरीशी का नाही, हा लेखातला प्रश्न: कोण कुणाशी लग्न करणार हे विचारणारी वाचक मुलींची पत्रं येत होती, तरी कुणाच्या समाधानासाठी ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही, असं अल्कॉटने १८६८मध्येच रोजनिशीत लिहून ठेवलं होतं.

मराठीत शान्ता शेळके यांनी केलेला या कादंबरीचा अनुवाद ‘चौघीजणी’ आहेच, तो जरूर वाचा.