‘कवळी बसली नाही म्हणजे लॅबने बिघडवली’ : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. दोन ग्रुप डॉक्टरांचे, एक आम्हा टेक्निशियन लोकांचा आणि एक आमच्या पेठेतल्या भजनी मंडळाचा. मजकूर थोडक्यात असा: कवळी हलते किंवा टोचते, म्हणजे कवळी बनवणाऱ्या लॅबने काम बिघडवलं. लॅबकडे तोंडाचं माप गेलेलं असतं, त्यांना आणखी काही सांगावं लागत नाही. चांगली कवळी पहिल्या दिवसापासून कडक भाकरी चावते. तसं होत नसेल तर नवी मागा आणि फुकट मागा, कारण सामान शे-दोनशेचं असतं आणि मॉडेल (मापात प्लास्टर ओतून केलेला तोंडाचा साचा) लॅबमध्ये पडलेलंच असतं. लॅब कुरकुरली तर लॅब बदला. स्कॅनर आल्यावर तर हा प्रश्नच राहणार नाही.

मी सोलापुरात 22 वर्षं कवळ्या बनवतो. हा मेसेज वाचून एक मुलगा परवा आईची कवळी रुमालात बांधून थेट माझ्या दारात आला. त्याचा राग मला कळला, पण त्याच्या आईचं दुखणं त्या रागाने थांबणार नव्हतं. म्हणून हे लिहितो.

पहिलं वाक्य, चूक लॅबचीच. आमच्या चुका होतात आणि त्या कशा दिसतात तेही सांगतो. फ्लास्क, म्हणजे कवळी ज्यात दाबून शिजवतात ती धातूची पेटी, पूर्ण मिटला नाही तर कवळीची उंची वाढते. ट्रायलला, म्हणजे मेणात बसवलेले दात तोंडात लावून बघताना, नीट मिटणारं तोंड तयार कवळीत मिटत नाही. आच एकदम वाढवली तर कवळीच्या जाड भागात बुडबुडे राहतात, कारण त्यातला मोनोमर (पावडरीत कालवलेलं लिक्विड) 100 अंशांच्या आसपास उकळतो. म्हणून 74 अंशांवर 9 तास पाणी धरायचं किंवा 74 वर 2 तास ठेवून मग शेवटचा 1 तास उकळी द्यायची. फ्लास्क गरम असतानाच उघडला तर कवळी वाकते. पॉलिश करताना कड जास्त घासली गेली तर कवळीची पकड जाते. मागे एका कामात माझ्याच हातून ही कड गेली होती. डॉक्टरांनी फोन केला तेव्हा मी आधी मापालाच दोष दिला. कवळी परत हातात आल्यावर कडेवरचा चाकाचा ओरखडा दिसला. ती मी नवीन करून दिली, पण त्या पेशंटचे मधले बारा दिवस मी परत देऊ शकलो नाही.

पण याच चार गोष्टींनी कवळी बिघडते असं नाही. ट्रायलला मेणात बसवलेले दातच जर नीट मिटत नव्हते, तर चूक बाइट घेताना, म्हणजे वरखालचे जबडे कसे मिटतात त्याची मेणात नोंद घेताना, झालेली आहे. ट्रायल छान झाली, तोंड नीट मिटतं आणि तरी कवळी गप्प बसल्या बसल्या सुटून खाली येते, तर माप बघायला हवं. दात काढून दोन-तीन महिन्यांतच घाईने कवळी केली असेल तर हिरडी अजून झिजत असते, आणि मग लॅब व डॉक्टर दोघांनीही उत्तम काम करूनही कवळी सैल होते. खालचा जबडा तर वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. अशा वेळी आतून रिलाइन करायचं, म्हणजे हिरडीकडच्या बाजूला नवा थर द्यायचा असतो. सगळी कवळी टाकून द्यायचं कारण नसतं.

आता दुसरं वाक्य, आणि माझं खरं भांडण याच्याशीच आहे: ‘माप गेलं की लॅबला सगळं कळतं.’

माझ्या टेबलावर जे येतं ते दगडासारखं पांढरं मॉडेल असतं. वरच्या कवळीची मागची कड कुठे थांबवायची ते टाळूच्या हलणाऱ्या रेषेवर ठरतं. पेशंट ‘आ’ म्हणतो तेव्हा मऊ टाळू जिथून हलते तिथे डॉक्टर तोंडात खूण करतात, मापावर ती उमटते आणि मॉडेलवर येते. खूण नसेल तर मला अंदाजाने खोबण पाडावी लागते, कारण प्लास्टर ‘आ’ म्हणत नाही. ही खोबण म्हणजे शोभेची गोष्ट नाही. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, शिजताना आकसतं. तीन भाग पावडर आणि एक भाग लिक्विड या प्रमाणातही ते घनफळाने 6 ते 7 टक्के आकसतं, आणि त्याचा पहिला परिणाम टाळूच्या मागच्या कडेवर होतो. ती उचलली जाते, हवा शिरते, कवळी पडते. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात मारलेली एक रेघ ही चूक आधीच भरून काढते.

तसंच दातांचं. वरचे पुढचे दात किती लांब हवेत ते ओठ सांगतो. ‘व’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकी टेकते का, हे खुर्चीतल्या माणसालाच दिसतं. साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणायला लावलं आणि ‘स’ला वरखालचे दात आपटले तर उंची जास्त झाली. निवांत बसलेल्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटर जागा राहायला हवी. ती राहिली नाही तर खडखड आवाज येतो, गाल दुखतात, आणि पेशंट येऊन सांगतो, ‘कवळी मोठी झाली.’ यातलं मला मॉडेलवर काहीही दिसत नाही. मला कुणीतरी सांगावं लागतं.

आणि काय सांगितलं जातं? आमच्याकडे परत येणाऱ्या कवळ्यांबरोबरच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘लूज. रिमेक.’ म्हणजे सैल आहे, नवी करा.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक चिठ्ठी आली. पेशंट अशोक चौकाकडच्या एक मावशी, विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. आधी एकदा नवीन करून झालं होतं, हे दुसऱ्यांदा. मी डॉक्टरांना फोन लावला. मावशी खुर्चीतच होत्या.

“सर, रिमेकला घेण्याआधी एक बघता का? तोंड न मिटता, नुसती वरची कवळी धरून खाली ओढा.”

“घट्ट आहे रे.”

“आता मागच्या दातांवर हळू चावायला सांगा.”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग डॉक्टर म्हणाले, “उजवीकडे आधी टेकतंय. डावीकडून कवळी सुटते.”

म्हणजे माप चांगलं होतं. बाइट घेताना मावशींनी जबडा पुढे काढला होता. वर्षानुवर्षं दाताविना राहिलेली माणसं पुढच्या हिरड्यांवर चावायला शिकलेली असतात, त्यामुळे हे फार वेळा होतं. जिभेचं टोक मागे टाळूला लावून तोंड मिटायला सांगितलं तर जबडा जागेवर जातो. डॉक्टरांनी मेणावर तशी नवी बाइट घेतली, मी कवळी जबड्यासारखी उघडमीट करणाऱ्या आर्टिक्युलेटरवर चढवली, निळ्या कागदाचे डाग बघत उजवीकडचे दोन उंचवटे उतरवले. तासाभराचं काम. तिसरी कवळी करावी लागली नाही. पहिल्या वेळी कुणी हा प्रश्न विचारला असता तर दुसरीही लागली नसती, आणि ‘कुणी’मध्ये मीही आलो. पहिल्या वेळी मी ‘बरं सर’ म्हणून काम उचललं होतं.

हे आमच्या बाजूचं दुखणं आहे. ‘सर, माप परत घ्यायला लागेल’ हे वाक्य लॅबवाल्याच्या तोंडून निघत नाही. काम दुसरीकडे जाईल ही भीती असते. कडेला फाटलेलं, ट्रे उघडा पडलेलं माप समोर दिसतं आणि आपण गुपचूप मेणाने भरून पुढे जातो. मी कित्येक वर्षं असंच केलं. आता मापाचा फोटो काढून त्याच दिवशी पाठवतो. रागावलेले डॉक्टर मोजकेच निघाले. बहुतेकांनी पेशंटला परत बोलावलं.

भाकरीचं काय? कडक भाकरी आणि शेंगाचटणी आपल्या जिवाची आहे, पण नव्या कवळीने ती पहिल्या दिवशी खायला मागू नका. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या चौथाई-पंचमांश असतो. जीभ आणि गाल कवळी सांभाळायला शिकेपर्यंत सहा-आठ आठवडे जातात. पुढच्या दातांनी भाकरी मोडली की मागून कवळी उचलणारच. भाकरी आमटीत चुरा, बारीक घास दोन्ही बाजूंनी चावा, चटणीचं कूट खालच्या कवळीखाली गेलं तर कवळी काढून धुवा. पहिल्या आठवड्यात टोचणं म्हणजे बिघाड नव्हे. मात्र दाखवायला जाताना दुखत असली तरी काही तास कवळी घालूनच जा. लाल डाग दिसला नाही तर डॉक्टर घासणार कुठे?

मॉडेल पडलेलंच असतं, हे तर उघड चुकीचं आहे. शिजलेली कवळी मॉडेल फोडूनच बाहेर निघते. रिमेक म्हणजे माप, बाइट, ट्रायल सगळं पहिल्यापासून. आणि माप जपून ठेवून त्याच्यावरच केली, तरी तीच चूक परत हातात येते. पैशाचं म्हणाल तर माझा नियम साधा आहे. जुनी कवळी परत आल्याशिवाय मी रिमेक सुरू करत नाही. ती बघून चूक माझी निघाली तर एक रुपया घेत नाही. बाइटची किंवा मापाची निघाली तर डॉक्टर आणि मी मिळून सोसतो. पेशंटला दुसऱ्यांदा पैसे लावायचे नाहीत, यावर मी कधीच मागे हटलेलो नाही.

लॅब बदलल्याने नव्या लॅबकडेही तीच दोन शब्दांची चिठ्ठी जाते.

स्कॅनरबद्दल माझ्या मनात अढी नाही. तयार ठोकळ्यातून कोरलेली कवळी शिजताना आकसत नाही, फाइल जपून राहते, तुटली तर तशीच दुसरी निघते. पण दात नसलेल्या तोंडात हलणारी मऊ कातडी आणि ओठ-गालांच्या हालचालीने ठरणारी कड स्कॅनरला अजून नीट पकडता येत नाही. आणि जबडा पुढे काढून घेतलेली बाइट फाइलमध्येही चुकीचीच राहते.

एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही, आपल्याकडे मात्र ती मोठी आहे. मे महिन्यात इथे पारा 40 च्या वर असतो. अल्जिनेटच्या (पावडर पाण्यात कालवून घेतलेल्या) मापात दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतलं नाही तर ते सुकून आकसतं. ते दुपारी डबीत घालून पोराबरोबर पाठवणं म्हणजे मापच घालवणं. मेणाच्या ट्रायलचंही तसंच. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याला जाणारे सेट मी पहाटेच्या एसटीने, ओल्या कापसात, स्टीलच्या डब्यातून पाठवतो. दुपारच्या गाडीने गेलेल्या सेटमधले दात क्लिनिकमध्ये उतरेपर्यंत सरकलेले मी पाहिले आहेत, आणि तेव्हाही चिठ्ठी आली होती: ‘सेटिंग चुकलं.’

आज सकाळी बार्शीहून एक डबा परत आला. आत ट्रायल, मेणाची नवी बाइट आणि पाठकोऱ्या कागदावर चार ओळी: ‘मधली रेघ दीड मिलिमीटर डावीकडे आहे. एकसष्ट म्हणताना दात आपटतात, उंची 2 मिलिमीटरने कमी करा. टाळूची रेघ मापावर मारली होती, मॉडेलवर बघा. आजोबांना पुढचे दोन दात किंचित वाकडे हवेत, लग्नातला फोटो सोबत.’ मॉडेल बघितलं. रेघ होती. संध्याकाळपर्यंत दात परत लावून झाले, फोटोसारखेच, डावा थोडा उजव्यावर चढलेला.