ऑटोमॅटिक टिपरमध्ये '90 नंबर' ओतू नका

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. तो धुळ्याजवळ खडी वाहतो. गेल्या वर्षी त्याने खाणीवरचा एक जुना ऑटोमॅटिक टिपर घेतला. "मामा, हाई खरं शे का?" एवढंच म्हणाला आणि मेसेज पाठवला. तोच मेसेज आठवडाभरात मला सावद्याहून आणि चाळीसगावहूनही आला होता, पण मी लक्ष दिलं नव्हतं. आता कळलं की भाच्याने मला विचारायच्या आधीच गॅरेजवाल्याने गिअरबॉक्समध्ये दोन लिटर 90 नंबर, म्हणजे घट्ट गिअर तेल, ओतलंसुद्धा होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

मेसेज थोडक्यात असा: "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं महाग तेल म्हणजे लूट. लाल रंगाचं कुठलंही तेल चालतं. खान्देशच्या उन्हाळ्यात ते पातळ पडतं, म्हणून त्यात 90 नंबर मिसळा. जास्त चाललेल्या गाडीचं तेल बदलू नका, गिअर घसरतात. लेव्हल सकाळी थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून बघा."

लाल रंगाचं एका वाक्यात संपतं. तो नुसता रंग आहे, गळती झाली तर इंजिन तेलापासून वेगळी ओळखू यावी म्हणून घातलेला. रंगावरून तेलाची जात कळत नाही. डेक्स्रॉन-3 ही जनरल मोटर्सची ऑटोमॅटिकच्या तेलाची जुनी श्रेणी. ते नाव लिहिलेला लाल डबा दुकानात अजून मिळतो, पण कंपनीने त्या नावाचे परवाने 2006 अखेर संपवले. आज त्या नावामागे त्यांची तपासणी नाही.

आता 90 नंबर. माझा राग खरा यावरच आहे.

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं काम दातांना वंगण देण्याचं. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाच्या) ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलच पुढे पोचवतं, व्हॉल्व्ह तेलच हलवतं, क्लचच्या प्लेटा तेलच दाबतं आणि उष्णता कुलरपर्यंत तेलच नेतं. त्या तेलाची जाडी 100 अंशांवर साधारण 7 सेंटिस्टोक असते. 90 नंबर गिअर तेलाची किमान 13.5. म्हणजे जवळजवळ दुप्पट. ते मिसळलं की अरुंद वाटांतून दाब उशिरा पोचतो, क्लच पूर्ण पकडायच्या आत घसरतो आणि घसरला की जळतो. शिवाय घट्ट तेल घुसळण्यातच जास्त उष्णता तयार होते. उन्हाळ्यावरचा उपाय म्हणून जे ओतलं, तेच गिअरबॉक्स तापवतं.

दुसरी गोष्ट जाडीपेक्षा वाईट. 90 नंबरमध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या, दातांसाठी. ऑटोमॅटिकच्या तेलातली रसायनं ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचची पकड नेमकी राहावी म्हणून मोजून घातलेली असतात. दोन्ही एकत्र केली की ती पकड बिघडते. असा एक गिअरबॉक्स मी उघडलेला पाहिला आहे. स्टीलच्या प्लेटा निळ्या पडलेल्या, आणि घर्षण प्लेटांचं अस्तर नखाने उचललं तर केळीच्या खांबाच्या सोपटासारखं सुटून हातात येत होतं. तळाच्या तेलाला करपल्याचा वास होता. तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

खाणीतल्या जुन्या डंपरांच्या काही मॉडेलना ॲलिसन या गिअरबॉक्स कंपनीच्या सी-4 मान्यतेचं इंजिन तेल चालायचं, हे खरं आहे. "आमचे जुने मिस्त्री टाकायचे" हे बहुधा तिथूनच आलं. पण ते इंजिन तेल होतं, तेही मान्यतेचं. 90 नंबर नव्हतं.

'लूट' या शब्दातही थोडं तथ्य आहे. गिअरबॉक्स कंपनीच्याच नावाचा डबा घ्यायला हवा, अशी सक्ती नाही. दुसऱ्या कंपनीचं तेल खुशाल घ्या, पण मान्यता क्रमांक बघून. रस्त्यावरच्या ट्रकमधल्या ॲलिसनच्या गिअरबॉक्सला टीईएस 295 किंवा त्याच्या जागी आलेलं टीईएस 668. हे ॲलिसनचेच तेलाचे मान्यता क्रमांक. टीईएस 389 ही साधी श्रेणी. ती चालते तिथेही तेल बदलायची मुदत बरीच कमी होते. भाच्याच्या टिपरचं पुस्तक सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलं होतं. गॅरेजवाल्याने ते मागितलंही नाही.

आणि 'ऑटोमॅटिक' म्हणजे नक्की काय, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं. क्लच पॅडल नसलेले बरेच नवे ट्रक एएमटी आहेत. त्यांत आतला गिअरबॉक्स दातांचा साधाच, क्लच आणि गिअर तेवढे यंत्र हलवतं. त्याला गिअर तेलच लागतं, पुस्तकात दिलेल्या नंबरचं. तिथे लाल तेल ओतलं तर दात खराब होतील.

तेल बदलल्यावर गिअर घसरू लागला, असं सांगणारे भेटतात. बहुतेक वेळा प्लेटा आधीच झिजलेल्या असतात आणि घसरायला लागल्यावरच मालक तेल बदलायला येतो. तेल न बदलून त्या प्लेटा वाचत नाहीत.

लेव्हलचा सल्ला उलटाच आहे. ॲलिसनच्या पुस्तिकेप्रमाणे खरं माप गरम तेलाचं, 71 ते 93 अंशांवर. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून. थंड माप फक्त गाडी सुरू करण्याइतकं तेल आहे का, ते बघायला. गरम झाल्यावर तेल फुगतं. थंड असताना गरमच्या खुणेपर्यंत भरलं तर पुढे ते फिरत्या भागांना लागून फेसाळतं आणि दाब पडतो. भुसावळात मे महिन्यात 45 अंश असले तरी 71 कुठे आणि 45 कुठे. उन्हाळ्याची चिंता असेल तर कुलरच्या जाळीत बसलेली खडीची धूळ आधी धुवा.

ज्यांनी 90 नंबर ओतलंय त्यांनी गाडी लोडवर नेऊ नका, लळिंगच्या घाटात तर नाहीच. खालून बोल्ट काढून एकदा तेल सोडलं की झालं, असंही समजू नका. कन्व्हर्टर, कुलर आणि पाइपांत बरंच तेल अडकून राहतं. योग्य तेल भरायचं, इंजिन फिरवायचं, पुन्हा सोडायचं, फिल्टर बदलायचे. भाच्याच्या टिपरचं तेल काल दुपारी दुसऱ्यांदा सोडलं. परातीत अजून काळपट येतंय. आज तिसऱ्यांदा सोडणार आहोत.